पॅट्रोक्लसला मुलगाच राहू दे

मावशी, नमस्कार.

मी तेवीस वर्षांचा. घर दांडिया बाजारात, आर्टिकलशिप चालू आहे आणि सीए फायनल डोक्यावर आलीय. तरी गेले काही महिने रात्री फक्त कादंबऱ्या वाचतोय, त्याही एकाच प्रकारच्या. जादू, ड्रॅगन, जुने देव, आणि त्यात दोन बायकांचं नाहीतर दोन पुरुषांचं प्रेम. 'द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री' वाचली, आठशेच्या वर पानं. राणी आणि तिच्या रक्षणाला आलेली बाई प्रेमात पडतात आणि त्या दोघी बायका आहेत याचं राज्यात कुणाला काही वाटत नाही! आधी बरं वाटलं, मग दोन दिवस कशातच लक्ष लागेना. 'द हाउस इन द सेरुलियन सी'मधला चाळिशीचा, पोट सुटलेला सरकारी कारकून फार आवडला, पण शेवट इतका गोड की राग आला. असं कुठे होतं का? मग 'द साँग ऑफ अकिलीस', अकिलीस आणि पॅट्रोक्लस या दोन ग्रीक राजपुत्रांच्या प्रेमाची गोष्ट. रात्री दोन वाजता तोंडावर उशी दाबून रडलो.

बाबा म्हणतात, परीकथा वाचायचं वय गेलं आता. एक मित्र म्हणतो, हे सगळं पलायन आहे. मलाही अपराधी वाटायला लागलंय. माझ्या वाचनाचा उपयोग घरात एकट्या आजीला. ती एके काळी सेंट्रल लायब्ररीतून आठवड्याला दोन पुस्तकं आणायची, 'वीरधवल' तिला अजून आठवते. आता डोळे गेलेत, म्हणून जेवणं झाली की तिच्या खोलीत बसून अर्धा तास किंडलवरून मराठी करत वाचून दाखवतो. सध्या अकिलीसच चालू आहे, ट्रॉयच्या युद्धासाठी ग्रीकांची छावणी पडली आहे. अर्थात पॅट्रोक्लसची मी मुलगी केली आहे, बाकी गोष्ट तीच. तिला मजा येते, पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोप येत नाही. परवा आजी म्हणाली, अरे, या पोरीच्या लग्नाचं कुणी बघत कसं नाही?

तर प्रश्न असा : हे सगळं सोडून काहीतरी गंभीर वाचावं का? तुम्ही सांगाल ते पुस्तक घेईन.

– रात्रीचा वाचक, वडोदरा


पुस्तकांचं नंतर बघू. आधी हे सांग, पॅट्रोक्लसची मुलगी कर असं तुला कुणी सांगितलं?

आजीने नाही, तिला पत्ताच नाही. बाबांनी नाही, ते त्या खोलीत नसतात. कुणी रागावलं नव्हतं, कुणी दाराआडून ऐकत नव्हतं. तरी पहिल्याच रात्री, गोष्ट सुरू व्हायच्या आधी, तू एका राजपुत्राला पुसून टाकलंस. तुझं पत्र मूळचं बरंच लांब आहे, मी ते इथे कापून दिलंय. ड्रॅगनांवर त्यात पानभर मजकूर आहे, बाबांच्या टोमण्यांवर आठ-दहा ओळी आहेत, आणि या गोष्टीला अख्ख्या पत्रात एक वाक्य. वर पुन्हा 'बाकी गोष्ट तीच'.

बाकी गोष्ट तीच राहत नाही, बाळा. मॅडलिन मिलरची ती कादंबरी मीही वाचली आहे, तेव्हा जरा नीट बघू या.

स्कायरॉस बेट आठव. मुलगा युद्धात मरू नये म्हणून त्याची आई थेटिस अकिलीसला मुलीचे कपडे घालते आणि राजा लायकोमिडीसच्या घरी मुलींमध्ये लपवून ठेवते. पॅट्रोक्लस त्याला शोधत तिथे पोचतो, आणि मुलीच्या वेषातला अकिलीस भर दरबारात सांगतो, हा माझा नवरा, मला न्यायला आलाय. अंगावर खोटे कपडे असताना तो पोरगा आयुष्यातलं सर्वांत खरं वाक्य सगळ्यांच्या देखत बोलून मोकळा होतो. तिथे तू आजीला काय सांगितलंस? तुझी पॅट्रोक्लस तर मुलगी. तिला कुणी कुणाचा नवरा कसं म्हणणार? म्हणजे ते वाक्य गेलंच. ते वाक्य तू पहिल्यांदा वाचलंस तेव्हा तुझं काय झालं होतं, तेवढं फक्त आठव.

पुढचं त्याहून अवघड आहे, आणि ते दोन-चार रात्रींवर येऊन ठेपलंय. युद्धात पकडून आणलेल्या ब्रिसेइसवरून ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याच्याशी बिनसेल, अकिलीस लढायचं सोडून बसेल, ग्रीक मार खातील, आणि एक दिवस पॅट्रोक्लस अकिलीसचं चिलखत चढवून रणात उतरेल. त्याला अकिलीस समजून ट्रोजन पळतील. मग हेक्टर त्याला मारेल. तू म्हणशील, मुलीलाही चिलखत घालता येतं. येतं की. पण मग आजीच्या कानावर काय पडणार? वीरासाठी जीव ओवाळून टाकणाऱ्या बाईची गोष्ट. तशा तिने जन्मभर ऐकल्यात, पुराणात ऐकल्या, सिनेमात पाहिल्या. तुला रात्री दोन वाजता रडवणारी जी गोष्ट होती, तिच्या जागी तू तिला सगळ्यांत जुनी, सगळ्यांत वापरून झिजलेली गोष्ट दिलीस आणि म्हणतोस, तिला मजा येते.

आणि शेवट? अकिलीस जातो. दोघांची राख एकत्र केलेली असते. त्याचा मुलगा पिऱ्हस येतो आणि थडग्यावर पॅट्रोक्लसचं नाव घालू देत नाही, का तर बापाच्या कीर्तीला कमीपणा येईल. तू उशीत तोंड खुपसलंस ते याच पानांवर असणार, कारण पॅट्रोक्लसचा जीव तिथे नावाविना घुटमळत राहतो. त्या पिऱ्हसचा तुला राग आला असेल. आता बघ, आजीच्या खाटेशी बसून तू रोज रात्री काय करतो आहेस. त्यानेही हेच केलं.

मी हे मुद्दाम लागेल असं लिहिते आहे. तुझ्या पत्रात तुला वाटतं, चुकतायत ते बाबा आणि मित्र, आणि आजीची सेवा करणारा तू बिचारा. सेवा तू करतोस, आणि मनापासून करतोस. रोज अर्धा तास, परीक्षा तोंडावर असताना, समोर इंग्रजी आणि तोंडात मराठी, हे सोपं काम नाही. पण तिला काय झेपेल हे तिला न विचारता तू ठरवलंस, आणि ते मला मान्य नाही.

तिच्या प्रश्नाकडे बघ की. तू तो गंमत म्हणून लिहिलास. मला ती बाई एकदम आवडली. 'वीरधवल' वाचलेली वाचक आहे ती, राजवाडे, कटकारस्थानं आणि वेषांतरं तिने कोळून प्यायलेली आहेत. गोष्ट कुठे लटपटते ते तिला बरोबर कळतं. राजाच्या घरची मुलगी, राजपुत्राबरोबर वाढते, पेलियन डोंगरावर गुरू कायरॉनपाशी त्याच्यासोबत शिकते, पुढे वर्षानुवर्षं त्याच्या तंबूत राहते, आणि तिच्या लग्नाचं कुणी नावही काढत नाही? हे पटणार कसं? डोळे गेले तरी तिने तुझी लबाडी पकडली. तिला फक्त नक्की कुठे काय लपवलंय ते कळायचं राहिलंय.

दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढलेल्या बाईला काय काय माहीत असतं, याचा तू विचारच केलेला दिसत नाहीस. चातुर्मासात पांडवप्रताप ऐकलेली पिढी ही. अर्जुन वर्षभर बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी राहतो, उत्तरेला नाच शिकवतो, आणि वेळ येते तेव्हा शमीवरची शस्त्रं उतरवतो. दर दसऱ्याला ही गोष्ट निघते. स्कायरॉसच्या रात्री आजीच्या मनात अर्जुन आला नसेल असं मला वाटतच नाही. शिखंडी तिला माहीत आहे. तिच्या आईच्या पिढीतल्या बायका बालगंधर्वांचं नेसणं बघून नेसायला शिकल्या. या काही दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी नव्हेत, हे मलाही कळतं. पण पुरुष म्हणजे हे आणि बाई म्हणजे ते, इतकी कोरडी आखणी तिच्या मनात असेल हे तू गृहीत धरलंस, त्याला काही आधार नाही.

शिवाय आजी काही फक्त पुराणात राहत नाही, ती वडोदऱ्यात राहते. शेजारच्या राजपीपळ्याच्या राजपुत्राने, मानवेंद्रसिंह गोहिलांनी, २००६ मध्ये आपण समलिंगी आहोत असं जाहीर केलं तेव्हा गुजरातभर गहजब झाला होता. पुतळे जाळले गेले. घराघरांत चहाबरोबर तोच विषय होता, आणि आजी तेव्हा स्वतः पेपर वाचत होती. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमाखालचा संमतीच्या समलिंगी संबंधांचा गुन्हा काढून टाकला, त्या दिवशी टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. तेव्हाही ती घरातच होती.

आणि भूपेन खक्कर. हे नाव तू ऐकलं नसशील तर आजच ऐक, कारण तो माणूस तुझ्याच धंद्यातला, चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये मुंबईहून बडोद्याला आला, एका कारखान्यात हिशेब लिहायचा आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचा. पुढे जगभर नाव झालं. १९८१ मध्ये त्याने 'यू कान्ट प्लीज ऑल' नावाचं मोठं चित्र केलं. ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. चित्रात एक माणूस बाल्कनीत उभा आहे, आपल्याकडे पाठ, अंगावर कपडा नाही. तो खाली बघतोय, आणि खाली बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट चालली आहे. आपण समलिंगी आहोत हे खक्करने आपल्या चित्रांतून लोकांसमोर मांडलं ते याच गावात राहून. गाढवाची ती गोष्ट तर आजीनेच तुला लहानपणी सांगितली असेल. येणारा-जाणारा एकेक बोलतो, म्हणून शेवटी ते दोघं गाढव खांद्यावर घेतात. तुला तर रस्त्यात कुणी भेटलंही नव्हतं. तू घरातूनच खांद्यावर घेऊन निघालास.

का निघालास, ते मला वाटतं मला कळलंय. तू स्वतःबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाहीस आणि मी विचारणार नाही. ही पुस्तकं कुणालाही रडवतात, मलाही रडवलं. पण 'प्रायरी' मिटल्यावर दोन दिवस लक्ष न लागणं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडावर उशी दाबणं, हे वाचून मला तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटलं. पॅट्रोक्लस मुलगा आहे हे ऐकल्यावर आजीच्या तोंडून पहिला शब्द काय निघेल, याची तुला भीती आहे. तो शब्द ऐकायला लागू नये म्हणून तू गोष्ट बदललीस. जपलंस ते स्वतःला. माणूस स्वतःला जपतो, त्यात वाईट काही नाही. मात्र ते आजीच्या नावावर टाकू नकोस.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की नेहमीसारखा बस. खोलीचं दार लोटून घे, बाबांना यात आणायची काही गरज नाही. किंडल उघडायच्या आधी सांग, "आजी, मी या गोष्टीत एक बदल केला होता. पॅट्रोक्लस मुलगी नाही, मुलगा आहे. पुस्तकात तसंच आहे. अकिलीसचं त्याच्यावर प्रेम आहे, आणि त्याचं अकिलीसवर." एवढंच. आणि गप्प बस. समजावत बसू नकोस, 'आजकाल असं असतं' म्हणू नकोस, कोर्टाचा निकाल काढू नकोस, अर्जुनही आणू नकोस, तो तिला आणायचा असेल तर ती आणेल. आधीची प्रकरणं पुन्हा वाचायची गरज नाही. मुरलेली वाचक आहे, तंबू, डोंगर, बेट, सगळं ती मनातल्या मनात परत लावून घेईल, आणि तिला पडलेला लग्नाचा प्रश्नही तिथेच सुटेल.

ती काय म्हणेल हे मी सांगू शकत नाही. कदाचित म्हणेल, "मग आधी का नाही सांगितलंस?" त्याचं उत्तर खरं दे, "मला भीती वाटली." कदाचित म्हणेल, "शी, हे कसलं वाचतोस?" लागेल तुला. लागू दे, पण उठून जाऊ नकोस. विचार, "पुढचं वाचू की नको?" नको म्हणाली तर पुस्तक मिट, हा तिचा निर्णय असेल आणि तो तिने सगळं माहीत असून घेतलेला असेल. ज्या बाईला पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोप येत नाही, ती 'नको' म्हणेल असं मला फारसं वाटत नाही. आणि ती तुझ्याकडेच वळली, "तुझं काय रे?" असं म्हणाली, तर त्याच रात्री उत्तर द्यायला तू बांधलेला नाहीस. "आधी गोष्ट तर पुरी ऐक" एवढं म्हण आणि वाच. ते उत्तर तुझं आहे, तू देशील तेव्हा देशील, नाही दिलंस तरी मी काही म्हणणार नाही.

शेवटची प्रकरणं गाळू नकोस. थेटिस जन्मभर पॅट्रोक्लसचा दुस्वास करते, आणि शेवटी थडग्यावर त्याचं नाव कोरते ती तीच. हे आजीने ऐकलंच पाहिजे. घरातल्या मोठ्या बाईचं मन वळतं, तेही इतक्या उशिरा. यावर तुझ्या-माझ्यापेक्षा तिच्यापाशी जास्त बोलण्यासारखं असेल.

आता तुझे प्रश्न. बाबांना बोलू दे, सीए सुटेपर्यंत ते बोलणारच, तू कथासरित्सागर वाचला असतास तरी बोलले असते. मित्राचं पलायन वगैरे मला पटत नाही. जिथे कुणी भुवई उंचावत नाही असं राज्य पानावर बघून तुला दोन दिवस चैन पडलं नाही. पळून जाणाऱ्या माणसाला असा त्रास होत नाही. त्या पुस्तकांनी तुला तुझ्याच घरातल्या जेवणाच्या टेबलाशी आणून बसवलंय.

'सेरुलियन सी'चा, म्हणजे टी. जे. क्लूनच्या पुस्तकाचा, गोड शेवट वाचून राग आला, त्याचं मात्र मला वाईट वाटलं. 'असं कुठे होतं का?' म्हणतोस. आपल्याला सवयच नाही रे. खक्करने ते चित्र केलं त्याच १९८१ मध्ये तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं. बाईवर प्रेम करणारी बाई मराठी नाटकाच्या मध्यभागी उभी राहिली, फार मोठी गोष्ट होती ती. पण मित्रा नावाच्या त्या बाईला शेवटी आत्महत्या करावी लागते. असल्या माणसाचा शेवट असाच व्हायचा, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की एक पोट सुटलेला कारकून मांजर घेऊन समुद्राकाठी सुखाने राहू लागला, तर आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. ते पुस्तक पुन्हा एकदा वाच. परीक्षेनंतर वाच हवं तर, पण वाच.

आणि पुढचं पुस्तक. सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू', २००६ चं. पुण्यातलं मराठी घर, वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून एक मुलगा येतो, आणि घरातला भाऊ आणि बहीण दोघंही त्याच्यावर प्रेम करतात. तुला हवं तसं गंभीर आहे, फार सुंदर आहे, आणि मराठीत आहे. वाचताना काही बदलायला वावच नाही, छापलंय ते वाचावं लागेल. आधी एकट्याने वाच, मग आजीला विचार. पहिला भाग भावाचा आहे.